झेंडा खाली होता

आमच्या घराण्यात आजवर कोणी न्यायाधीश झाला नाही. आरोपीही झाला नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या साक्षीदार, आणि तेही 'मी त्या वेळी तिथे नव्हतो' या जातीचे. त्यामुळे चिरंजीवांनी वयाच्या सतराव्या वर्षी फुटबॉलचा रेफ्री व्हायचं जाहीर केलं, तेव्हा घरात कोणी तरी आजारी पडल्यासारखी शांतता पसरली.

"त्यापेक्षा खेळ की," सौ. म्हणाली.

"टीममध्ये घेत नाहीत म्हणून तर रेफ्री होतोय," चिरंजीव म्हणाले. कारण प्रामाणिक होतं. मीही क्रिकेटच्या संघात न घेतल्यामुळेच बी.कॉम. झालो होतो, तेव्हा बोलायची सोय नव्हती.

बदलीवर कोल्हापूरला येईपर्यंत तालीम म्हणजे लाल माती आणि लंगोट एवढीच माझी माहिती. इथल्या तालमी फुटबॉल खेळतात! पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशी नावं पहिल्यांदा ऐकली तेव्हा कुस्तीचा फड असेल म्हणून मी शाहू स्टेडियमकडे गेलो, तर बावीस जण एका चेंडूमागे आणि सगळं गाव त्या बावीस जणांमागे. अशा गावात रेफ्री होणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत उभं राहून 'वरणात मीठ कमी आहे' असं मुलीच्या बापाला सांगण्यासारखं आहे. मीठ कमी असलं तरी सांगायचं नसतं.

पण पोरगा हट्टाला पेटला. कोर्स केला, परीक्षा दिली, सतरा नियम पाठ केले. (कॉमर्सला असताना मी पार्टनरशिप ॲक्टसुद्धा इतका केला नव्हता.) मग सामान आलं. काळा शर्ट, दोन घड्याळं, टॉसला नाणं, पिवळं कार्ड छातीच्या खिशात, लाल कार्ड मागच्या खिशात. दोन्ही एका खिशात ठेवली तर घाईत भलतंच बाहेर येतं म्हणे. शिवाय शिट्टी. मी बाजारातून वाटाणा असलेली साधी शिट्टी आणली होती, ती हसून परत करण्यात आली. हल्ली 'फॉक्स फोर्टी' लागते. रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या कॅनडातल्या बास्केटबॉल रेफ्रीच्या शिट्टीतला वाटाणा ऐन सामन्यात अडकला आणि आवाजच फुटला नाही, म्हणून त्यानं 1987 साली बिनवाटाण्याची शिट्टी बाजारात आणली. शिट्टीची किंमत आणि मॅचला मिळणारं मानधन यांचा मी हिशेब करून पाहिला. बँकेनं असं कर्ज मंजूर केलं नसतं.

या पोरांना धडे देणारा एक दादा आहे. चोवीस-पंचवीस वर्षांचा. शिरोलीला फाउंड्रीत काम करतो आणि रविवारी तेरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांना चार-पाच शिकाऊ रेफ्री घेऊन जातो. दिवसाला पाच-सहा मॅचेस, वीस-वीस मिनिटांचा हाफ. पोरं आळीपाळीनं एक मध्ये आणि दोन लाइनवर. नियमांच्या पुस्तकात नसलेलं सगळं दादा शिकवतो. शिट्टी हळू वाजवली की पालकांना वाटतं रेफ्रीला खात्री नाही, म्हणून चुकलास तरी जोरात वाजव. अंगावर आलेल्या बापाच्या डोळ्यांत बघायचं नाही, कानाकडे बघायचं, बाप गोंधळतो. हा कानाचा उपाय मी काउंटरवर करून पाहिला. ज्येष्ठ नागरिक दुसऱ्या खिडकीवर गेले.

चिरंजीवांचा जोडीदार म्हणजे बंड्या. त्याचं खरं नाव देत नाही, कारण तो अजून शिट्टी वाजवतो आणि या गावातले लोक वाचतात. दोघांचं सगळं एकत्र. एकाच सायकलवरून मैदानावर जायचं, एकाच डब्यातलं खायचं, शिव्याही वाटून घ्यायच्या. मैत्री व्हायला एकत्र शिव्या खाण्याइतकं चांगलं खत नाही, हे ज्यांनी मार्चअखेर एकत्र काढली आहे त्यांना पटेल.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. सेमीफायनल. बंड्या पहिल्यांदाच इतक्या मोठ्या मॅचला मध्ये होता, आमचे चिरंजीव लाइनवर. शेवटची दोन मिनिटं, बरोबरी. कॉर्नर आला, घोळका झाला आणि चेंडू आत. बंड्यानं गोल दिला. एका पोरानं हातानं ढकलला होता. बंड्यासमोर सहा पोरांची भिंत होती, त्याला दिसणं शक्य नव्हतं. चिरंजीवांना लख्ख दिसलं. बंड्यानं त्यांच्याकडे पाहिलंही. झेंडा खाली होता.

मी त्या वेळी भडंग घ्यायला गेलो होतो. घराण्याची परंपरा.

परत आलो तेव्हा बारा वर्षांचा एक गोलकीपर 'हात, हात' म्हणून स्वतःचाच हात दाखवत रडत होता, आणि लोकांना वाटत होतं की त्याचा हात दुखावलाय. कोणी तरी बर्फ आणला. तेवढ्यात सेंटर झाला.

नियम असा आहे की रेफ्रीला आपली चूक कळली किंवा लाइनमननं सांगितली तर निर्णय बदलता येतो, पण खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत. एकदा सेंटर झाला की गोल तो गोल. म्हणजे सत्याला त्या दिवशी अर्ध्या मिनिटाची मुदत होती.

रात्री जेवणं झाल्यावर चिरंजीव गॅलरीत येऊन उभे राहिले. "बाबा, मी झेंडा उचलला असता तर बंड्या सगळ्यांसमोर उघडा पडला असता. दादा बघत होता. पुढच्या मॅचेस त्याला मिळाल्या नसत्या. मी त्याला वाचवलं की बुडवलं?"

असे प्रश्न मुलांनी आईला विचारावेत अशी खरं तर पद्धत आहे. मी वेळ काढण्यासाठी महाभारतात शिरलो. म्हटलं, रेफ्री आंधळा आहे ही ओरड ज्या खेळात शंभर टक्के खरी होती असा एकच खेळ, द्यूत. धृतराष्ट्र मध्ये, भीष्म आणि द्रोण लाइनवर. दोघांनाही फाउल दिसत होता आणि दोघांचे झेंडे खाली. उचलला कोणी? विकर्णानं. कौरवांतल्याच एका पोरानं. त्याला गप्प कोणी केलं? कर्णानं. आणि मैत्रीचं उदाहरण म्हणून आपण कोणाचं नाव घेतो? कर्णाचं. विकर्णाचं नाव अजून कोणी मुलाला ठेवलेलं मी पासबुकावर पाहिलेलं नाही.

"म्हणजे काय?" चिरंजीव म्हणाले.

म्हणजे काय ते मला ठाऊक असतं तर मी आख्यान कशाला लावलं असतं! ग्रीकांकडेही चौकशी केली. ॲरिस्टॉटलनं आपल्या गुरूचं, प्लेटोचं, मत खोडताना अशा अर्थाचं लिहून ठेवलंय की मित्र आणि सत्य दोन्ही प्रिय असली तरी मान सत्याला द्यावा. वाचून बरं वाटलं. मग कळलं की हे लिहिलं तेव्हा प्लेटो वारलेला होता असं जाणकार मानतात. सेंटर झाल्यावर झेंडा!

चिरंजीवांना मी जे सांगितलं नाही ते इथे सांगतो. आधीच्या शाखेत माझ्या शेजारच्या टेबलावर माझा मित्र बसायचा. अकरा वर्षं एकत्र चहा. एक दिवस त्यानं एक चेक भलत्याच खात्यात जमा केला. खाते क्रमांकातल्या सहाचा नऊ. साहेबांनी न बघता पास केला. मी बघितलं, साधारण बारा वाजता. पण साहेब त्याच्या पाठीशीच उभे होते आणि त्याच आठवड्यात त्याचा प्रमोशनचा इंटरव्ह्यू होता. म्हटलं, लंचला सांगू. लंचला कोणाचे तरी पेढे होते. साडेतीनला त्या भलत्या खातेदारानं, देव पावला अशा समजुतीनं, पैसे उचलले ते उचललेच. वसुली मित्राच्या खिशातून झाली, आठ महिने. प्रमोशन राहिलंच. हे मी त्याला दोन वर्षांनी बोलता बोलता सांगून बसलो. तो रागावला नाही. "बारालाच बघितलंस? मग सांगायचं की रे," एवढंच म्हणाला आणि चहा मागवला. मागवताना मला विचारलं, "तुला साखर चालते ना?" मी बिनसाखरेचा पितो हे अकरा वर्षं त्याला विचारावं लागलं नव्हतं.

बँकेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, दोघांकडे. दोघं चोर आहेत म्हणून नव्हे. माझ्या मित्रानं दुसरी किल्ली माझ्याकडे आहे असं धरलं होतं. ती माझ्याकडे होतीही, मी फक्त लावली नाही. आणि नुकसान निदान आमच्या दोघांत राहिलं. चिरंजीवांच्या मैत्रीचं बिल त्या गोलकीपरच्या नावावर फाडलं गेलं होतं, आणि तो तर त्यांच्या मैत्रीत कुठेच नव्हता.

दादानं दोघांना टपरीवर नेलं होतं असं नंतर कळलं. चूक वगैरे काही काढली नाही. फक्त चिरंजीवांना विचारलं, "झेंडा जड झाला व्हय रे?" आणि मग 1986 सालच्या मेक्सिकोची गोष्ट सांगितली. मॅराडोनानं हातानं गोल केला. ट्युनिशियाचा रेफ्री म्हणत राहिला, मी लाइनमनकडे पाहिलं तर तो मध्यरेषेकडे निघाला होता. बल्गेरियाचा लाइनमन दोष रेफ्रीवर ठेवत राहिला. 2015 साली मॅराडोना त्या रेफ्रीच्या घरी गेला, सही केलेला शर्ट देऊन आला. 2022 मध्ये रेफ्रीनं जपून ठेवलेला चेंडू लिलावात वीस लाख पौंडांना विकला गेला. लाइनमनच्या वाट्याला शर्ट नाही, चेंडू नाही. तो 2017 मध्येच वारला होता.

त्या मॅचची तारीख 22 जून. बरोबर वीस वर्षांनी, 22 जून 2006 ला, जर्मनीत स्टुटगार्टला एका नामांकित इंग्लिश रेफ्रीनं क्रोएशियाच्या एकाच खेळाडूला तीन वेळा पिवळं कार्ड दाखवलं. दुसऱ्यालाच बाहेर काढायला हवं होतं. यानं नाव ऑस्ट्रेलियाच्या रकान्यात लिहिलेलं. म्हणजे आमच्या सहा-नऊचाच प्रकार. मैदानावर आणखी तीन पंच होते. एकानंही वेळेत सांगितलं नाही. (तारखा जुळल्या की बँकेच्या माणसाला उगाच बरं वाटतं, म्हणून ही एंट्री माझी. दादाची नव्हे.)

पुढच्या रविवारी मी दादाला गाठलं. म्हटलं, "तुम्ही मांडवातून बघत होता. तुम्हाला हात दिसला होता?"

"दिसला की."

"मग तुम्ही का नाही ओरडलात?"

"काका, त्या मॅचला मी पंच नव्हतो. बाहेरच्यानं सांगून निर्णय बदलत नसतो." मग थोडा वेळ मैदानावरच्या चुन्याच्या रेषेकडे बघत राहिला. "आणि खरं सांगू? ओरडलो असतो तर बंड्या परत शिट्टी हातात धरला नसता. ते गोलकीपर पोरगं पुढच्या वर्षी पण खेळेल म्हटलं. हिशेब केला मी. बरोबर केला का चूक, ठाऊक नाही."

माझी अपेक्षा होती की गुरू तरी काही ठाम बोलेल. पण त्याचं तोंडही बारा वाजताच्या माझ्यासारखंच दिसत होतं.

चिरंजीवांनी बंड्याला त्याच रात्री फोन करून सगळं सांगून टाकलं होतं. बंड्या चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी सायकल घेऊन दारात आला आणि म्हणाला, "बस मागं."

दोन आठवड्यांनी दुसरी स्पर्धा. दादानं मुद्दाम उलटं केलं, चिरंजीव मध्ये आणि बंड्या लाइनवर. तिसऱ्याच मिनिटाला चिरंजीवांनी एक गोल दिला. शिट्टी जोरदार, हात मध्यरेषेकडे, पालक नाचताहेत. आणि बंड्याचा झेंडा वर. नुसता वर नाही, ताठ. चिरंजीव धावत गेले, दोघं काही तरी बोलले, गोल रद्द. मग मैदानात जे सुरू झालं त्याचं वर्णन छापण्यासारखं नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका धिप्पाड गृहस्थांनी रेफ्रीच्या बापाचा उद्धार सुरू केला आणि दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानाकडे पाहिलं.

घरी येताना मी हळूच विचारलं, "बंड्यानं मागचं फेडलं का रे?"

"बाबा, ऑफसाइड होता."

"नाही, पण..."

"ऑफसाइड होता."

त्याच दिवशी, मॅच संपल्यावर, तो गोलकीपर आला होता. त्याची टीम या स्पर्धेत नव्हती, नुसताच बघायला आलेला. बराच वेळ चिरंजीवांच्या आसपास घोटाळला आणि मग म्हणाला, "दादा, त्या दिवशी हात लागलेला ना?"

या खेपेला मी भडंगाच्या गाडीवर नव्हतो, दोन हातांवर होतो. चिरंजीव खाली बसून बुटाची नाडी सोडत होते. हात थांबला.

"लागलेला."

"तुम्हाला दिसलेला?"

"दिसलेला. मी झेंडा उचलायला पाहिजे होता. उचलला नाही."

पोरानं जरा विचार केला. मला वाटलं, आता रडतो किंवा दगड मारतो. "मग घरी येऊन सांगाल?" तो म्हणाला. "पप्पा म्हणतात, मी पडलो नि कारण सांगतोय."

घर उभा मारुती चौकाच्या पलीकडे होतं. बंड्यानं सायकल काढली. गोलकीपर पुढे दांडीवर, चिरंजीव मागे कॅरियरवर. तिघं एका सायकलवर, म्हणजे उघड उघड नियमभंग. मी काही बोललो नाही.