जुना आखाडा सुटल्यावर

मनुष्य ज्या खेळांत वाढला व नांवाजला, तो खेळ त्याला सोडावा लागला तर त्यानें काय करावें? हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. परंतु तो पुष्कळांच्या जीविताशीं निगडित आहे, असें आम्हांस वाटतें.

आमच्या परभणी जिल्ह्यांत गांवोगांवच्या जत्रांना कुस्त्यांचे फड भरतात. नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत लोक उन्हांत बसून राहतात. जो तरुण तेथें चार कुस्त्या मारतो, त्याचें नांव पंचक्रोशींत होतें. पुढें एखाद्याचा गुडघा निखळतो, एखाद्यावर संसाराचा भार पडतो, आणि लंगोट खुंटीला लागतो. मग तोच गडी पारावर बसून जुन्या कुस्त्या सांगत राहतो. ऐकणारे हळूहळू उठून जातात. असे कित्येक गडी शेवटीं दारूच्या गुत्त्याकडे वळतात, हें वाचकांनीं पाहिलें असेल.

अशा मनुष्यास कोणी म्हटलें कीं, "बाबा, दुसरा कांहीं खेळ धर," तर तो म्हणतो, "पहिलवानानें आतां पोरांत खेळावें काय?" ह्या उत्तरांत खरी अडचण उघड होते. गुडघा दुखतो हें खरें. पण त्याहून अधिक दुखतो मान. नव्या खेळांत पुन्हां शेवटच्या रांगेंत उभें राहणें त्याला सोसवत नाहीं.

ह्याविषयीं एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांतील आहे. श्री. मुरलीकांत पेटकर हे मूळचे सांगली जिल्ह्यांतील. सैन्यांत असतां ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५ सालच्या भारत-पाकिस्तान युद्धांत त्यांस गोळ्या लागल्या व कमरेखालचें शरीर लुळें पडलें. ठोसा हातानें मारावयाचा खरा. पण त्याचा जोर पायांतून येतो, आणि समोरच्याचा ठोसा चुकवावयाचा तोही पायांच्या बळावर. तेव्हां तो खेळ संपला. उपचार म्हणून त्यांस पोहण्यास सांगण्यांत आलें. १९६८ सालीं तेल अवीव येथें अपंगांच्या जागतिक स्पर्धांत ते टेबल टेनिसही खेळले. त्यानंतर १९७२ सालीं पश्चिम जर्मनींतील हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्याची शर्यत त्यांनीं ३७.३३ सेकंदांत जिंकली. पॅरालिंपिक स्पर्धांत भारतास मिळालेलें तें पहिलें सुवर्णपदक होय. पद्मश्री त्यांस मिळाली ती २०१८ सालीं.

कोणी म्हणेल, "ज्याला पदक मिळालें त्याचें ठीक, आमच्या गड्यास काय मिळणार?" हा आक्षेप योग्य आहे, परंतु गोष्टींचा क्रम पाहावा. पाण्यांत उतरतांना पदक कोठेंच नव्हतें. पाणी शरीराचा भार उचलतें आणि त्यांत हात चालवितां येतात, इतकेंच होतें. उरलेल्या शक्तीला जेथें काम मिळालें, तेथें ते गेले. पदक मागाहून आलें. तें आलें नसतें, तरी पोहणें व्यर्थ गेलें नसतें.

दुसरे म्हणतील, जुना खेळ सोडून नव्याच्या मागें लागणें हा कृतघ्नपणा नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तालमीनें पहांटे उठण्याची, दम राखण्याची, वस्तादाचें ऐकण्याची आणि चीत झाल्यावर माती झाडून उठण्याची सवय लावली. ती सवयही लंगोटाबरोबर खुंटीला टांगणें, हाच तालमीचा अपमान होय.

तथापि शोक करणाऱ्यास घाई करूं नये. ज्यानें दहा वर्षें घाम गाळला, त्याला कांहीं दिवस दुःख करूं द्यावें. मात्र तो उठावयास लागला म्हणजे शेजाऱ्यांवरही कर्तव्य येतें. आपल्याकडे मुलें कमरेला वाळलेला भोपळा बांधून विहिरींत पोहावयास शिकतात. उद्यां एखादा जुना पहिलवान तसाच भोपळा बांधून उतरला, तर काठावरचे लोक हंसतील. त्या हंसण्याच्या भयानेंच कित्येक गडी पारावरून उठत नाहींत. वाचकहो, त्या वेळीं आपण हंसणाऱ्यांत असूं नये. दोर धरून काठावर उभें राहावें.