बोगी आणि बँडिट

मोताळा तालुक्यातल्या आमच्या शेतात हरभरा घाट्यावर आला की रात्रीची जागल सुरू व्हायची. माळ्यावर मोठे काका बसत. अंधारात काही हललं की हळूच म्हणत, "बोगी हाये. टॉर्च नको मारू, आधी पाय, रोही हाये का कोणाची गाय." रोही, म्हणजे नीलगाय, असल्याची खात्री पटली की तिची 'बँडिट' व्हायची आणि आम्ही पोरं डबे बडवत सुटायचो.

काका 1971 साली हवाई दलात रडारवर होते. पडद्यावरचा अनोळखी ठिपका म्हणजे बोगी. तो शत्रूचा ठरला की बँडिट. 'एंजल्स' म्हणजे हजार फुटांत मोजलेली उंची. मलकापूरहून बुलढाण्याला जाणारी एसटी राजूर घाट चढून वर आली की काका खिडकीतून बघत म्हणायचे, "एंजल्स टू!" बुलढाणा आहेही सुमारे दोन हजार फुटांवर.

हवाई दलाच्या बोलीत मोठ्या गोष्टीला लहान करण्याची खोड फार. आपल्या तेव्हाच्या एका लढाऊ विमानाचं नावच 'नॅट', म्हणजे चिलट. पंखांचा पसारा जेमतेम 22 फूट. याच चिलटाला 1965 पासून 'सेबर स्लेअर', म्हणजे सेबरचा काळ, म्हणू लागले, आणि 22 नोव्हेंबर 1971 रोजी बोयऱ्याच्या आकाशात चार नॅट पाकिस्तानी सेबर विमानांवर तुटून पडली तेव्हा ते नाव पुन्हा खरं ठरलं. मात्र 14 डिसेंबरला श्रीनगरवरून झेपावलेले निर्मलजित सिंग सेखों याच नॅटमध्ये होते. ते परतले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक न परतलेल्या सोबत्याबद्दल 'बर्टनला गेला' म्हणत. बर्टन हे बिअरसाठी नावाजलेलं गाव, त्यामुळे काहींच्या मते अर्थ असा की तो जणू एक पेला प्यायला गेलाय. हे वाचलं तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, मोठा करतात. दुकानसुद्धा रात्री वाढवतात. मराठी माणूस हे रोज बोलतो. त्या वैमानिक पोरांना तर पहाटे पुन्हा त्याच आकाशात जायचं होतं. खरा शब्द तोंडातून काढला असता तर पाय उचलले नसते, असं मला मनापासून वाटतं.

काका युद्धाबद्दल फारसं बोलत नसत. एकदा मात्र माळ्याखाली, शेकोटी बसत आली असताना, मी विचारलं, "काका, तुमच्या पडद्यावरचं कोणी पडलं का हो?"

बराच वेळ ते निखारे सारत राहिले. मग म्हणाले, "एकाचा आरटी बंद झाला." आरटी म्हणजे रेडिओवरचं बोलणं. थोड्या वेळानं पुन्हा, "चांगला हसवायचा लेकाचा."

मग बांधाकडे काहीतरी खसफसलं. काकांनी मान वर केली, पण बोगी म्हणाले नाहीत.