चुलीविना बिऱ्हाड

मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे मुख्यतः खाण्याचे ठिकाण. मुक्कामाला जायचे ते लॉजवर. एसटी स्टँडासमोरच्या पाट्यांवर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ असे जोडून लिहिलेले असले, तरी झोपणे आणि जेवणे या तिथे दोन वेगळ्या खरेद्या असतात. दोन-चार दिवसांच्या मुक्कामात याचे काही वाटत नाही. उलट, स्वयंपाकातून सुटका हाच प्रवासाचा निम्मा आनंद असतो, निदान घरात रोज ओट्याशी उभे राहणाऱ्या व्यक्तीसाठी. मुक्काम लांबला की गोष्ट बदलते. घर जळाले, पुरात गेले, बदलीच्या गावी क्वार्टर मिळेना, मुलाच्या उपचारांसाठी परक्या शहरात सहा महिने काढायचे आहेत, अशा वेळी हॉटेलची खोली हेच बिऱ्हाड होते. त्या बिऱ्हाडात पलंग, पंखा, न्हाणीघर, टीव्ही सगळे असते. चूल तेवढी नसते.

ही उणीव किती मोठी मानायची, याचे एक उत्तर जनगणनेच्या कागदांत सापडते. सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे म्हणजे कुटुंब, अशी भारतीय जनगणनेची व्याख्या आहे. रक्ताचे नाते तिला आवश्यक वाटत नाही, सामाईक स्वयंपाक वाटतो. कामाच्या निकडीमुळे एकत्र जेवता येत नसेल, तर तेवढी सूट आहे. मराठी बोलीनेही हेच मानले आहे. भाऊ विभक्त झाले की ‘चुली वेगळ्या झाल्या’ म्हणतात. जमिनीची वाटणी त्यानंतर कितीही वर्षांनी होवो. हिंदू कायद्यात एकत्र कुटुंब अन्न, उपासना आणि मालमत्ता या तिन्हींत एकत्र मानले जाते, मात्र केवळ चूल वेगळी झाली म्हणून न्यायालय वाटणी झाली असे धरत नाही. 2011च्या घरयादीत स्वयंपाकाच्या इंधनाचा प्रश्न होता. लाकूडफाटा, गोवऱ्या, रॉकेल, गॅस, वीज अशा पर्यायांबरोबर तिथे ‘स्वयंपाक होत नाही’ असाही एक पर्याय होता. हॉटेलात अडकलेले कुटुंब या पर्यायाच्या अगदी जवळ जाऊन पोचते.

हॉटेलवाल्याची बाजू समजण्यासारखी आहे. प्रत्येक खोलीत आग म्हणजे प्रत्येक खोलीत धोका. फोडणीचा वास गादी-पडद्यांत मुरला की पुढच्या गिऱ्हाईकाची तक्रार ठरलेली. शिवाय बहुतेक हॉटेलांचे खालच्या मजल्यावर स्वतःचे उपाहारगृह असते आणि वर राहणाऱ्याने खाली येऊन जेवावे, हा धंद्याचा हिशेब. खोलीबरोबर पूर्ण स्वयंपाकघर देणारे हॉटेल अमेरिकेत 1975मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात निघाले, ते ‘रेसिडेन्स इन’. ते काढणारा जॅक डीबोअर मूळचा भाड्याची घरे बांधणारा होता. परगावी महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसाला काय लागते हे घरे बांधणाऱ्याला सुचावे, यात नवल नाही.

आपल्याकडची धर्मशाळा चूल नाकारणाऱ्या हॉटेलाच्या अगदी उलट टोकाला होती. तिथे पलंग-गादीची अपेक्षा कोणी करत नसे, पण चूल मांडायला जागा, पाणी आणि बहुधा भांडी मिळत. यात्रेकरू शिधा बांधून निघत आणि मुक्कामी पोचले की तीन दगड शोधत. या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. परक्याच्या हातचे खायचे नाही, हा सोवळ्याचा आणि जातीचा नियम तिच्या मुळाशी होता. चूल वेगळी ठेवण्याचा आग्रह पुष्कळदा कुटुंबाच्या ओढीपेक्षा शिवाशिवीतून आलेला असे. रेल्वे, खानावळ आणि हॉटेल यांनी तो नियम ढिला केला, हे त्यांचे उपकारच आहेत. म्हणून इथे प्रश्न परक्याच्या हातचे खाण्याचा नाही. दोन्ही वेळेला, महिनोन्‌महिने, दुसरे काही करण्याची सोयच नसणे, हा आहे.

सोय नसली तरी माणसे ती करून घेतात. विजेच्या किटलीत अंडी उकडतात, शेवया शिजतात. कपाटाच्या तळाशी इंडक्शनची शेगडी आणि तीन लिटरचा कुकर दडवलेला असतो. शिट्टी होऊ नये म्हणून ऐन वेळी शेगडी बंद करण्याचे कसब अंगी येते. कामानिमित्त परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांचे पहिले काही आठवडे अशाच खोल्यांत जातात आणि मोहरी-हिंगाच्या फोडणीने छतावरचा धूरसूचक किंचाळतो. अशा स्वयंपाकात पहिला बळी जातो पोळीचा. तिला पोळपाट, तवा, मोठी आच आणि मोकळी हवा लागते. त्यामागोमाग भाकरी, तळण आणि वाटण जाते. उरतो तो भात, खिचडी, उपमा आणि गरम पाण्यात फुगणारे जे काही असेल ते. काय शिजवायचे हे मग भूक किंवा आवड ठरवत नाही, प्लगची जागा ठरवते.

श्रीमंत देशांतही हा प्रश्न मोठा आहे, कारण बेघर कुटुंबांना तिथली सरकारे हॉटेलांत ठेवतात. आयर्लंडमध्ये घरभाडी आवाक्याबाहेर गेल्यावर शेकडो कुटुंबे डब्लिनच्या हॉटेलांत राहू लागली. तिथल्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2017मध्ये या कुटुंबांच्या खाण्याचा अभ्यास मांडला. मुले पलंगावर किंवा जमिनीवर बसून जेवतात, साठवणीला जागा नसते, बाहेरच्या तयार खाण्यावर पैसा जातो, असे त्यातून पुढे आले. जमिनीवर बसून जेवण्याची तक्रार मराठी वाचकाला थोडी विचित्र वाटेल. आपल्या पंगती जमिनीवरच बसल्या. पण पंगतीला आखलेली जागा असते, समोर माणसे असतात. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या बोळात मांडी घालून, टीव्हीकडे तोंड करून जेवणे निराळे. त्याच सुमारास आयर्लंडच्या सरकारने कुटुंबांना हॉटेलांतून हलवून स्वयंपाकाची सोय असलेल्या सामाईक निवासांत नेण्याचे धोरण घेतले. इंग्लंडमध्ये 2004पासून मुले असलेल्या कुटुंबाला स्थानिक प्रशासन सामाईक सोयींच्या ‘बेड अँड ब्रेकफास्ट’मध्ये जास्तीत जास्त सहा आठवडेच ठेवू शकते. अशी जागा ओळखायची कशी, तर शौचालय, न्हाणीघर किंवा स्वयंपाकाची सोय यांपैकी एखादी अनेक कुटुंबांत सामाईक आहे का, हे पाहायचे. कायद्याने चूल शौचालयाच्या पंगतीला बसवली, ती गरजेच्या दृष्टीने बरोबरच.

या साऱ्यात सर्वांत बोलके उदाहरण लंडनचे आहे. 14 जून 2017च्या पहाटे उत्तर केन्सिंग्टनमधल्या ग्रेनफेल टॉवर या 24 मजली इमारतीला आग लागली आणि 72 माणसे मेली. आग सुरू झाली चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या स्वयंपाकघरात, फ्रिजपाशी. वाचलेल्या आणि आसपासच्या बेघर झालेल्या कुटुंबांना हॉटेलांत ठेवण्यात आले. वर्ष उलटल्यावरही काही तिथेच होती. मोरोक्को, इराक, युगांडा अशा ठिकठिकाणांहून आलेल्या बायकांच्या घरांत रोजचे ताजे जेवण शिजत असे. त्यांच्यापैकी काहींनी जवळच्या अल्‌ मनार मशिदीच्या केंद्रातले स्वयंपाकघर वापरायला मागितले. तिथे त्या आपापल्या घरच्यांसाठी रांधू लागल्या, मग एकमेकींसाठी, मग शेजाऱ्यांसाठी. या स्वयंपाकघराला ‘हब्ब’ हे नाव पडले. अरबीत त्याचा अर्थ प्रेम. पैशाअभावी ते आठवड्यातून दोनच दिवस उघडे असे. 2018च्या सप्टेंबरात या बायकांच्या पाककृतींचे ‘टुगेदर’ हे पुस्तक निघाले, ससेक्सच्या डचेसने त्याला प्रस्तावना लिहिली आणि विक्रीच्या पैशातून जास्त दिवस चूल पेटू लागली. मदतकार्यात अन्नाची पाकिटे, कपडे, रोख रक्कम हे सारे लोकांना आधी सुचते. चूल मदत घेणाऱ्यांनाच मागावी लागली.

ती का मागावीशी वाटली, याचा विचार करता पोषणाचा मुद्दा दुय्यम ठरतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती दिवसातून दोनदा लहानसहान निर्णय घेत असते. आज कोणाला बरे नाही, कोणाची परीक्षा आहे, भाजीत तिखट किती, उरलेल्या भाताचे काय करायचे, कोणाला आग्रह करायचा. वाढलेल्या ताटात हे निर्णय दिसत नाहीत, पण घर त्यांवर चालते. आयते जेवण आले की ते सारे दुसरीकडे जातात आणि आई-बाप मुलांसारखेच रांगेत उभे राहणारे होतात. स्वयंपाक हे बाईच्या पायातले जोखड आहे हे खरेच आहे आणि ते वाटून घेतले पाहिजे हेही खरे. पण आगीने किंवा आजाराने ते काढून घेतले म्हणून कोणी मोकळे होत नाही.

मुंबईत परळला हे रोज पाहायला मिळते. टाटा स्मारक रुग्णालय 1941मध्ये सुरू झाले आणि आज देशभरातून कर्करोगाचे रुग्ण तिथे येतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, आसपासची लॉजे, भाड्याच्या खोल्या आणि पदपथ, जिथे जमेल तिथे ही कुटुंबे राहतात. पदपथावर अन्नदान भरपूर होते. पुरी-भाजी आणि खिचडी घेऊन येणाऱ्या गाड्यांची वाण नाही. पण केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, उघड्यावरच्या अन्नातून जंतुसंसर्गाचा धोका असतो, तोंडात फोड आलेले असतात आणि चव पार बदललेली असते. सकाळभर काही न खाणारे मूल दुपारी तीनला अचानक पेज मागते. ती त्या क्षणी करून देता आली तर दोन घास पोटात जातात. हॉटेलच्या भटारखान्याला, तो कितीही चांगला असो, ही वेळ पाळता येत नाही.

2006मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सनी अशा मुलांसाठी राहण्याची सोय केली, तेव्हा तयार जेवणाचे डबे देण्याचा सोपा मार्ग घेतला नाही. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची खोली, सामाईक स्वयंपाकघरात स्वतःची शिजवायची जागा आणि दर आठवड्याला कोरडा शिधा, अशी रचना केली. खर्चाच्या दृष्टीने एकच मोठा स्वयंपाक सोयीचा ठरला असता. पण या रचनेत बंगालमधून आलेली आई मोहरीच्या तेलात मासळीचा रस्सा करते, शेजारी बिहारची बाई चोखा कालवते आणि विदर्भातून आलेला बाप, आईवेगळ्या मुलासाठी, पहिल्यांदाच कणीक मळायला शिकतो. वरण किती पातळ करायचे हे त्याला शेजारचीच कोणीतरी सांगते.