मधावर पहिला हक्क कोणाचा?

मार्गशीर्ष पौर्णिमेस अन्नपूर्णा जयंती येते, आणि माळव्यातील थंडी अंगास झोंबू लागते तीही त्याच सुमारास. पंचामृत कालविताना दूध, दही, तूप, साखर यांचा उगम आपण चटकन सांगतो. मधाविषयी मात्र 'आणला' एवढेच म्हणतो. कोणाकडून आणला आणि तिच्यापाशी काय शिल्लक ठेवले, हा प्रश्न आम्हांस यंदा पडला तो अंगणातील एका लहानशा मधपेटीमुळे.

मध हे माशीचे थंडीतील सरपण होय. हवा गारठली की माश्या एकमेकींस बिलगून झुबका करतात आणि पंख न हालविता उड्डाणाचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात. आतील पिल्लांस सुमारे ३४ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. मोठ्या वसाहतीस हे साधते. लहान झुबक्याची ऊब लवकर निघून जाते, म्हणून जिच्यापाशी माश्या थोड्या, तिलाच दर माशीमागे मध अधिक जाळावा लागतो. गरिबास थंडी अधिक, हा न्याय त्यांच्यातही आहे म्हणावयाचा!

आम्ही रिकाम्या चौकटी काढल्या, आडवी फळी घालून जागा आटोपशीर केली, दार दोन बोटांएवढे ठेवले. दोन भाग साखर व एक भाग पाणी असा दाट पाक कडाका पडण्यापूर्वीच दिला; पुढे पातळ पाक दिल्यास त्यातील पाणी आटविण्यातच माश्यांचे बळ सरते. महाबळेश्वरच्या मधपाळांस ही काळजी पावसाळ्यात घ्यावी लागते. तेथील मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. पण सातेरी माशीस तेथेही धुवाधार पावसात पाकच चारावा लागतो.

मध घेतला, साखर दिली, फिटंफाट झाली, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. पाकाने ऊब मिळते, परागाची उणीव भरत नाही. शिवाय दिवाळीत आम्ही एकाऐवजी दोन चौकटींचा मध काढला होता. तेव्हा हा पाक म्हणजे दान नव्हे. ती कर्जफेड होती, आणि तीही अपुरी.

खरा पेच पुढेच होता. झुबका जेमतेम दोन चौकटी व्यापीत होता. एका जाणकाराने सुचविले, दुसरी दुबळी वसाहत यात मिसळा. मात्र एक राणी काढून टाकावी लागेल. पुजाऱ्याच्या घरात हे कसे करावे? तीन दिवस आम्ही पेटीस हात लावला नाही. अखेर उमगले, की रानातील माश्या आपल्या बळावर जगतात वा मरतात. या मात्र आमच्या हव्यासाने दुबळ्या झाल्या होत्या. आता हात आखडून बसणे म्हणजे अहिंसा नव्हे, केवळ आपले हात स्वच्छ दिसावेत ही इच्छा होय. आम्ही थकलेली राणी काढली, दोन्ही वसाहतींमध्ये बारीक छिद्रांचा कागद घातला. काही दिवसांत माश्यांनी तो कुरतडून टाकला. त्या राणीचे मात्र आजही वाईट वाटते.

जयंतीच्या पंचामृतात दिवाळीतलाच मध चमचाभर घातला. वडिलांनी उरलेल्या बाटलीकडे बोट दाखवून विचारले, "हा त्यांचा त्यांना परत का देत नाहीस?" आम्हांस उत्तर सुचले नाही. दुपारच्या उन्हात पेटीतील भांड्यात काड्या टाकून ती बाटली रिकामी केली.