फळ पंचांच्या हाती

कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे गीतेचे सांगणे खेळाडूला लावले की आक्षेप ठरलेला: पदक नकोच असेल तर माणूस वर्षानुवर्षे अंग मोडून सराव कशाला करील? आक्षेप रास्त आहे, पण तो इच्छा आणि आसक्ती यांना एकाच मापाने मोजतो. कर्म सोडा असे गीता म्हणत नाही, हे टिळकांनी ‘गीतारहस्या’त ठासून मांडले; प्रश्न उरतो तो कर्म चालू असताना मन कुठे असावे याचा. तो तपासायला जपानचा जिम्नॅस्ट कोहेई उचिमुरा याची कारकीर्द सोयीची आहे. धावपटूचा निकाल घड्याळ देते, जिम्नॅस्टचा माणसे देतात. 2006 पासून काठिण्याचे गुण वेगळे मोजतात आणि सफाईच्या दहातून पंच चुकांगणिक कापत जातात. फळ खरोखरच परक्या हाती.

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरीत पॉमेल हॉर्सवरून उतरताना उचिमुराची गफलत झाली आणि फलकावर जपान चौथा दिसला. जपानने दाद मागितली, 0.7 गुण वाढले, रौप्य मिळाले. कांस्यपदकाच्या जागी असलेला युक्रेन चौथा गेला. ही फळाची हावच नव्हे का? मला तसे वाटत नाही. झालेल्या कर्माची मोजणी बरोबर व्हावी असा आग्रह धरणे म्हणजे आसक्ती नव्हे. आसक्ती कर्म चालू असतानाच आड येते. रिओत, 2016 साली, वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धेत शेवटचा हॉरिझॉन्टल बार उरला तेव्हा उचिमुरा युक्रेनच्या ओलेग व्हेर्न्यायेव्हच्या 0.901 गुणांनी मागे होता. इतकी तूट असताना निकालाचे गणित मांडत बसलेला हात बार सोडून पुन्हा नेमका पकडू शकेल का, याची शंकाच आहे. उचिमुराला 15.800 मिळाले, व्हेर्न्यायेव्हला 14.800, सुवर्ण 0.099 ने ठरले.

यावर अधिक टोकदार आक्षेप असा, की 2009 ते 2016 या काळात सहा जागतिक आणि दोन ऑलिंपिक सर्वसाधारण विजेतेपदे मिळवणाऱ्याला अनासक्ती परवडते. टोकियोत तो पात्रता फेरीतच बारवरून पडला. पण तेव्हाही मागची पदके गाठीशी होतीच. म्हणून हा आक्षेप मी बराचसा मान्य करतो. विजेत्याच्या मनाची परीक्षा बाहेरून घेता येत नाही. परीक्षा झाली ती व्हेर्न्यायेव्हची. लंडनच्या त्या युक्रेन संघात तोही होता. दोनदा त्याचे फळ पंचांच्या आकड्यांत गेले. रिओच्या पत्रकार परिषदेत पंचांचा तुझ्याकडे कल आहे का, असे उचिमुराला विचारले गेले, तेव्हा तो प्रश्नच निरर्थक ठरवून गुण न्याय्य आहेत असे सांगणारा व्हेर्न्यायेव्हच होता. सुवर्णाची इच्छा त्याला नव्हती असे कोण म्हणेल?