मुठीखालचे नाव

जपानी तलवारीची मूठ बांबूच्या एका छोट्या खुंटीने अडकवलेली असते. खुंटी काढून मूठ सरकवली की आतले पोलाद दिसते, काळपट आणि गंजलेले. पात्याला झिलई देणारे कारागीर हा गंज कधीच घासत नाहीत, कारण त्याच्या रंगावरून तलवारीचे वय ओळखतात. त्याच गंजात, छिन्नीच्या बारीक घावांनी, घडवणाऱ्याचे नाव कोरलेले असते. त्याला ‘मेई’ म्हणतात. तलवार चालवणाऱ्याच्या मुठीखाली ते झाकलेले राहते.

नाव कोरायचेच, तर झाकायचे कशाला? याचे व्यवहारी उत्तर सोपे आहे. पाते पुन्हापुन्हा घासले जाते, तिथले नाव झिजून गेले असते. मुठीतला भाग कडक केलेला नसतो, त्यावर छिन्नी चालते. पण त्यामागचा प्रश्न एवढ्याने मिटत नाही. हातून झालेल्या चांगल्या कामावर आपले नाव घालणे हा अहंकार आहे का?

यानागी सोएत्सू (1889–1961) यांनी या प्रश्नाला आयुष्य दिले. 1936 मध्ये तोक्योत त्यांनी लोककलांचे संग्रहालय उभारले. अमिताभ बुद्धाला शरण जाणाऱ्या पंथाची त्यांच्या मनावर गाढ छाया होती. माणूस स्वबळावर तरत नाही, परबळावर तरतो, ही त्या पंथाची श्रद्धा. सौंदर्याचेही तसेच आहे, असे यानागी मानत. नाव मिरवण्याचा विचारही मनात नसलेल्या कुंभाराच्या साध्या वाडग्यात ते आपोआप उतरते. त्यांचे स्नेही, थोर कुंभार हामादा शोजी, आपल्या भांड्यांवर सही करत नसत.

विचार सुंदर आहे, पण अपुरा आहे. निनावी कारागीर दर वेळी नम्रतेमुळेच निनावी राहिला असे नाही. अनेकदा त्याचे नाव कुणी विचारलेच नाही. शिवाय वाडगा तडकला तर फार तर आमटी सांडते. पोलादाचे तसे नसते. तापलेल्या पात्याला पाणी देताना पडलेली बारीक चीर वरून दिसेलच असे नाही. ती कळते वार झेलताना, आणि तेव्हा जीव दुसऱ्याचा जातो. अशा वस्तूवरचे नाव मिरवण्यासाठी नसते. मोडली तर जाब कुणाला विचारायचा, ते सांगण्यासाठी असते.

याहून खोल उत्तर ‘कोकाजी’ या ‘नो’ शैलीतल्या जपानी नाटकात सापडते. सम्राट इचिजो क्योतोचा लोहार मुनेचिका याला तलवार घडवायला सांगतो. पण समोरून घण मारायला तोलामोलाचा जोडीदार नाही, आणि ही तलवार एकट्याच्या हाताने होणारी नाही. मुनेचिका इनारी देवाला साकडे घालतो. देव स्वतः ऐरणीपाशी येतो आणि जोडीने घण घालतो. तलवार तयार झाल्यावर तिच्या एका बाजूला मुनेचिकाचे नाव कोरले जाते आणि दुसऱ्या बाजूला ‘कोगित्सुने’, म्हणजे छोटा कोल्हा. कोल्हा हा इनारीचा दूत.

मराठी वाचकाला ही सही ओळखीची वाटेल. एकनाथांच्या अभंगाच्या शेवटी येणाऱ्या नाममुद्रेत ‘एका’ एकटा नसतो. त्याला लागूनच गुरू जनार्दनस्वामींचे नाव येते. एकनाथांनी नाव गाळले नाही. ज्याच्यामुळे शब्द सुचले त्याला शेजारी बसवले. नाव पुसून टाकण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यात ऋण कबूल होते आणि शब्दांची जबाबदारीही टळत नाही.

नाटकाबाहेरच्या मुनेचिकाची ‘मिकाझुकी’ नावाची प्रसिद्ध तलवार तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर व्यक्तीचे नावच नाही. ‘सान्जो’ एवढेच कोरलेले आहे, आणि ते क्योतोतल्या ठिकाणाचे नाव.

सर्वांत मोठा मानला गेलेला लोहार मासामुने. त्याच्या सहीची पाती अगदी मोजकी उरली आहेत. बाकीची त्याची आहेत हे पुढच्या काळातल्या होनामी घराण्यातल्या पारख्यांनी ठरवले, आणि काहींवर तसे सोन्याने लिहिलेही. जुन्या लांब तलवारी मागाहून मुठीकडून कापून आखूड केल्या जात, तेव्हा नाव कापलेल्या तुकड्याबरोबर जाई. पण काही वेळा नावापुरता पोलादाचा तुकडा जपून काढून तो नव्या मुठीच्या भागात जडवलेला दिसतो. तो जडवणारा हात मूळ लोहाराचा नव्हे. लोहार केव्हाच गेलेला असे, तरी त्याचे नाव टाकून देणे कुणाच्या तरी मनाला पटले नाही.

ओसाकाजवळच्या साकाई शहरात आजही हाताने सुऱ्या घडतात. तिथे पाते ठोकणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. पात्यावर उमटणारे नाव मात्र पुष्कळदा विकणाऱ्या पेढीचे असते. अलीकडे काही विक्रेते ठोकणाऱ्याचे आणि धार लावणाऱ्याचे नाव गिऱ्हाइकाला आवर्जून सांगू लागले आहेत. नाटकातल्या मुनेचिकाच्या तलवारीची दुसरी बाजूही कोरलेली होती; या सुऱ्यांची ती बाजू मात्र बहुधा कोरीच असते.