लाभ, दोन, तीन

मागच्या जानेवारीत गावी गेलो तेव्हा माझ्या बॅगेत लॅपटॉप, चार कपडे आणि स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल वजनकाटा होता. दुपारी आईनं ताटात भाकरी वाढली. मी ती उचलली आणि काट्यावर ठेवली. ११४ ग्रॅम. मोबाइल काढला, ॲपमध्ये ‘ज्वारीची भाकरी’ शोधलं, वजन टाकलं आणि मग पहिला घास घेतला. दुसऱ्या भाकरीलाही तेच. आई गॅसपाशी उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. पप्पांनी मात्र विचारलं, ‘‘विकायला न्यायचीय का रं?’’ सगळे हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आत आलो, तर काटा परातीशेजारी होता. दुरडीत भाकऱ्यांची चळत होती, सगळ्या एकाच मापाच्या, तळहाताहून जरा मोठ्या. ‘‘सत्तर-सत्तर ग्रॅमच्या केल्यात,’’ आई म्हणाली. ‘‘भाजल्यावर परत मोजल्या. आता बसतील तुझ्या हिशोबात.’’

मला जे हवं होतं तेच तिनं करून दिलं होतं, तेही न सांगता. तरी मला मान वर करता येईना. मी काही चोरी केली नव्हती, कुणाला टाकून बोललो नव्हतो. मग लाज कशाची वाटली? गेलं वर्षभर हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. तुमच्याही मनगटावर पट्टा असेल आणि फोनमध्ये कॅलरी मोजणारं ॲप असेल, तर कदाचित तुमच्याही असेल.

आधी मी मोजायला का लागलो ते सांगतो. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय २८. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. सोबत फॅटी लिव्हर, आणि वजन ८२ किलो. पप्पांना बारा वर्षांपासून शुगर आहे. त्यांच्या थोरल्या भावाचा, माझ्या काकांचा, पाय याच आजारात गुडघ्याखाली कापावा लागला. काका फार गोड माणूस. कोणत्याही पंगतीत, कोणत्याही घरी, वाढणाऱ्याला त्यांनी ‘नको’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्यांनी कधी कुणाचं मन मोडलं नाही.

रिपोर्ट आला त्याच रात्री मी पट्टा मागवला, ॲप उतरवलं आणि दोन्ही एकमेकांना जोडले. ॲपनं वय, वजन, उंची विचारली. त्यामागचं सूत्र मी शोधून काढलं, सवयच आहे. वजन गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, पुरुषांसाठी अधिक ५. अमेरिकेत ४९८ माणसांच्या मोजमापांवरून बसवलेलं हे सूत्र १९९० साली प्रसिद्ध झालं. माझं उत्तर आलं १७६०. म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलो तरी शरीर इतक्या कॅलरी जाळणार. बैठ्या कामाचे १.२ पटीनं धरून, वजन उतरावं म्हणून ५०० वजा करून ॲपनं मला रोजच्या सुमारे १६१० दिल्या. खाल्लं की आकडा खाली, चाललं की पट्टा सांगणार आणि आकडा वर. स्क्रीनवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट: उरलेल्या कॅलरी. शिल्लक असेल तर हिरवी, संपली की लाल.

मला हे प्रचंड आवडलं. सात महिन्यांत मी ८२ वरून ७४ किलोवर आलो. हे आधीच सांगतो, कारण ‘यंत्रं वाईट, जुनं ते सोनं’ असा हा लेख नाही.

पण त्या सात महिन्यांत एक बग सापडला. मधे तीन आठवडे वजन हलेना. हिशोब चोख, रोज शिल्लक हिरवी, आणि काटा तिथल्या तिथे. शेवटी एका रविवारी बसून तपासलं. ॲपला पट्टाही पावलं पाठवत होता आणि फोनही. एकच चाल दोनदा जमा होत होती. रोज फुकटच्या दोन-अडीचशे कॅलरी मला मिळत होत्या आणि मी त्या खात होतो. दुरुस्ती दोन मिनिटांची होती. मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्या तीन आठवड्यांत रोज रात्री मी समाधानानं झोपत होतो. आज आपण नीट वागलो, असं वाटत होतं. हे वाटणं पोटातून येत नव्हतं, पायांतूनही नाही. ते हिरव्या आकड्यातून येत होतं, आणि तो आकडा खोटा होता.

मग मी एकेक आकडा उकलून बघायला लागलो. दहा हजार पावलं कुठून आली? टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. त्याचं नाव ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. विक्रीसाठी ठेवलेलं नाव पुढं जगाचं ध्येय झालं. एक ग्रॅम पिष्ट पदार्थाच्या ४ कॅलरी, प्रथिनांच्या ४, स्निग्धाच्या ९, हे आकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्बर ॲटवॉटर यांच्या प्रयोगांतून आले, आणि ते सरासरीचे आहेत. पट्ट्याचं बघाल तर २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये सात पट्टे साठ माणसांना घालून तपासले. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. पण जळलेल्या कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात चांगला पट्टाही सरासरी २७ टक्क्यांनी चुकला आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. आणि ॲपमध्ये ‘आमटी, १ वाटी’ शोधलं तर मला एक नोंद ८० ची दिसली, दुसरी २१० ची. कुणाची आमटी, कुणाची वाटी?

या सगळ्या अंदाजांची बेरीज-वजाबाकी करून ॲप मला सांगतं: उरल्या ३७. मी त्या सदतीसवर विश्वास ठेवून रात्री अकराला अर्धी काकडी खायची की नाही हे ठरवायचो. एकदा तर ९,८०० पावलांवर अंथरुणात पडल्या पडल्या हात हलवून उरलेली दोनशे भरली. ऑफिसात टेस्ट कव्हरेज ८० टक्के दिसावं म्हणून काहीच न तपासणाऱ्या टेस्ट आम्हीच लिहितो. तिथं निदान आपण मॅनेजरला फसवतो. इथं कोण कुणाला फसवत होतं?

तरीही, आकडे चुकीचे होते म्हणून मला त्या सकाळी लाज वाटली असं नाही. समजा ॲप अगदी शंभर टक्के अचूक असतं, तरी वाटली असती.

त्याच दिवशी दुपारी आई म्हणाली, ‘‘मला लाव की ते घड्याळ.’’ लावलं. ‘‘हा हिरवा दिवा कशाला?’’ मी सांगितलं, कातडीखालच्या रक्तावर पडून तो परत येतो, त्यावरून ठोके मोजतात. आणि आत एक सेन्सर असतो, तो हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतो. मग ती कामाला लागली. नळाला पाणी नव्हतं. शेजारच्या बोअरवरून तिनं दोन हंडे आणले, एक डोक्यावर, एक कमरेवर, दोन्ही हात हंड्यांना धरलेले. हात हललेच नाहीत, त्यामुळे त्या दोन खेपांची पावलं जवळजवळ धरलीच गेली नाहीत. संध्याकाळी ती भाकऱ्या थापायला बसली. थापताना हात एका लयीत हलतो, आणि पट्ट्याला ती लय ओळखीची वाटली. उठली तेव्हा तीनशेवर पावलं जमा होती. ‘‘बसल्या जागी एवढी चालले?’’ म्हणून ती पोट धरून हसली.

मीही हसलो, पण रात्री झोप लागेना. माझ्या ॲपमध्ये भाकरीच्या रकान्यात पीठ आहे, पाणी आहे, ग्रॅम आहेत. ती भाकरी करण्यात आईचं काय खर्च झालं याला रकाना नाही. असायची गरजही नाही, ते ॲपचं काम नव्हे. पण सात महिने मी माझ्या जेवणाकडे त्याच रकान्यांतून बघत होतो. त्या हिशोबात माणूस एकच होता: मी. मी कमावणार, मी खर्चणार. अन्न कुठून तरी आपोआप येणार.

आपल्याकडे दुकानदारानं दिलेले सुटे पैसे मोजून घेतात, त्यात कुणाला वाईट वाटत नाही. पण लग्नात आहेराचं पाकीट देणाऱ्यासमोर उघडून नोटा मोजत नाहीत. रक्कम तीच, पैसे तेच. मोजण्याची जागा चुकली की देणाऱ्याचा दुकानदार होतो. ताटात वाढलेली भाकरी मी काट्यावर ठेवली तेव्हा मी आईचं हेच केलं होतं.

माझे आबा, म्हणजे आजोबा, खळ्यावर ज्वारी मोजायचे ते मला अंधुक आठवतं. पायलीनं मोजायचे. पहिली पायली पोत्यात ओतताना ते ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. लहानपणी मला वाटायचं त्यांना ‘एक’ येत नाही. आबांचा हिशोब ढिला नव्हता. कुणाला किती पायल्या द्यायच्या, बियाण्याला किती ठेवायच्या, सगळं तोंडपाठ. मोजत तेही होते, माझ्याइतकंच काटेकोर. पण त्यांची मोजणी मिळालेल्यापासून सुरू व्हायची. माझी सुरू होते उरलेल्यापासून. सकाळी डोळे उघडले की माझ्यापुढं १६१० असतात, आणि त्यानंतर दिवसभर जे कुणी मला देईल ते त्यातून वजा होतं. चहा वजा. मुलगी झाली म्हणून टीममेटनं आणलेला पेढा वजा. आईची भाकरी वजा.

मग काय, मोजायचं सोडून द्यायचं? इथं मला काका आठवतात. ज्या संस्कृतीत ‘अजून एक घे, माझी शपथ’ म्हणतात, तिथं न मोजण्याचीही किंमत माणसं मोजतात. वाढणाऱ्याचं मन आणि खाणाऱ्याचा पाय यांत पाय वाचवावा, याबद्दल मला शंका नाही. म्हणून ‘प्रेमानं दिलेलं मोजू नये’ हे उत्तर मला पुरत नाही. प्रेमानं दिलेल्या जिलेबीतही साखर तेवढीच असते.

पप्पाही मोजतात. रोज सकाळी बोटाला सुई टोचून मीटरवर शुगर बघतात आणि डायरीत लिहितात. मी त्यांना विचारलं, तुमच्या मोजण्यात आणि माझ्या मोजण्यात फरक काय? ते म्हणाले, ‘‘माझा आकडा जास्त आला की काल काय खाल्लं ते मी आठवतो. तू खायच्या आधीच आकडा बघतोस.’’ थोडा वेळ थांबून म्हणाले, ‘‘आणि मी तुझ्या आईला सांगितलंय, मला शुगर आहे. तू काय सांगितलंस तिला?’’

मी काहीच सांगितलं नव्हतं. रिपोर्टबद्दल घरी एक अक्षर बोललो नव्हतो. आई घाबरेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर काकांसारखं व्हायची भीती मलाच वाटत होती आणि ती बोलून दाखवायची नव्हती. ‘आई, मला एकच भाकरी वाढ, मला भीती वाटते’ हे वाक्य बोलायला नको म्हणून मी काटा घेऊन आलो होतो. आकडा माझ्या वतीनं बोलत होता. त्या सकाळची लाज इथली होती. एखादी गोष्ट माणसाला सांगायची टाळण्यासाठी मी मोजमाप वापरलं, आणि तिनं बिचारीनं ते मोजमापच माझं म्हणणं समजून पाळलं.

निघायच्या आदल्या रात्री मी तिला सगळं सांगितलं. ती घाबरली, थोडी रडलीही. मग म्हणाली, ‘‘तसं सांगायचं की. मला वाटलं, पुण्यात राहून तुला माझं जेवण जड व्हायला लागलं.’’

पट्टा अजून माझ्या मनगटावर आहे. मागच्या तपासणीत एचबीएवनसी ५.६ आलं. पुण्यात सोमवार ते शुक्रवार मी ॲपमध्ये लिहितो, पण जेवण झाल्यावर, पप्पांसारखं. उरलेल्या कॅलरींचा आकडा पहिल्या स्क्रीनवरून काढून टाकलाय. कुणी वाढत असेल तर हातानं अडवतो आणि तोंडानं कारण सांगतो. ते काट्यापेक्षा अवघड आहे, दर वेळी जमत नाही. गावी काटा नेत नाही. तिकडच्या दिवसांपुढं ॲप ‘नोंद नाही’ दाखवतं. पूर्ण सुटलोय असं मात्र नाही. भाकरी दिसली की अजूनही आधी ग्रॅम दिसतात.

दिवाळीत घरी गेलो. काटा नव्हता, मोबाइल खिशात होता. आईनं ताट वाढलं. भाकऱ्या अजून तेवढ्याच होत्या, तळहाताहून जरा मोठ्या. ‘‘आई, मोठ्या कर की पहिल्यासारख्या, मी एकच खाईन,’’ मी म्हणालो.

‘‘आता हाताला हेच माप बसलंय,’’ ती म्हणाली.